लांबीखालचा गंज

दसऱ्याच्या दिवशीं आमच्या घरीं पाटावर विळी, कोयता, अमरकोशाची जीर्ण प्रत आणि मुलांचे संगणक एकाच रांगेंत मांडले जातात, आणि या विसंगतीचें आतां कोणालाहि कांहीं वाटत नाहीं. पाटावरील पूजा आटोपली कीं वाहनांची पाळी येते. दुचाक्यांना हळदकुंकू लागतें, पुण्याहून आलेल्या धाकट्या बंधूंच्या मोटारीपुढें नारळ वाढविला जातो. आणि सरतेशेवटीं आमच्या वहिनी झेंडूची एक माळ घेऊन परसांतल्या छपराकडे एकट्याच जातात. तेथें ताडपत्रीखालीं एक फियाट मोटार उभी होती. अकरा वर्षांत ती जागची हलली नव्हती. पण अकरा वर्षांत तिची माळहि कधीं चुकली नव्हती.

गेल्या दसऱ्यास वहिनींच्या मागोमाग त्यांचा मुलगा छपराकडे गेला. आमच्या या पुतण्याचें वय सव्वीस. यंत्रविद्येची पदविका घेऊन तो येथल्याच एका कारखान्यांत नोकरी करतो. ताडपत्री उचलून त्यानें गाडीभोंवतीं एक प्रदक्षिणा घातली आणि पंक्तींत येऊन बसल्यावर सांगितलें, "काका, ही गाडी मी घरींच नीट करणार. पत्र्याचं काम सुद्धां." त्या एका वाक्यापासून पुढील पांच महिने आमच्या परसांत जें घडलें, तें वाचकांस सांगावेंसें वाटतें. त्यांत पत्र्याइतकाच माणसांचाहि संबंध आहे. आणि त्यांतील एका प्रकरणीं आरोपी आम्ही स्वतः आहों.

मोटार आमच्या वडिलांची. त्यांना सारें गांव नाना म्हणे. ते कोपरगांवच्या न्यायालयांत वकिली करीत. यादींत नांव लावून कित्येक वर्षें वाट पाहिल्यावर १९६९ सालीं ही गाडी घरीं आली. त्या काळीं मोटार घेण्यास पैशापेक्षांहि धीर अधिक लागे. गाडीचा नमुना फियाट ११०० डी. लोक तिला 'डिलाइट' म्हणत. कुळ इटलीचें, पण जन्म मुंबईस कुर्ल्याचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि १९४७ मध्यें कुर्ल्याच्या कारखान्यांतून पहिली गाडी बाहेर पडली. नाशिक जिल्ह्यांतील रावळगांवचा साखर कारखाना, बंगळूरचा विमानांचा कारखाना आणि विशाखापट्टणची जहाजगोदी हींहि याच गृहस्थांच्या पुढाकाराचीं फळें. इटलींत ११०० डी हा नमुना १९६६ मध्यें बंद झाला. आपल्याकडे मात्र तोच थोड्याफार फेरफारानें, आणि १९७४ पासून 'पद्मिनी' या नांवानें, चालू शतकाच्या आरंभापर्यंत निघत राहिला. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतील पद्मिनींची सेवा ३० ऑक्टोबर २०२३ या दिवशीं संपली, तेव्हां घरांतील एखादें वडील माणूस गेल्याप्रमाणें वर्तमानपत्रांनीं तिच्यावर लिहिलें होतें, हें वाचकांस आठवत असेल.

पुतण्याला हें वेड लागलें तें अमेरिकन मोटारींच्या चित्रांवरून. त्या देशांत १९६४ च्या सुमारास एक नवाच प्रकार निघाला : मध्यम बांध्याच्या गाडींत मोठ्या गाडीचें दांडगें इंजिन बसवावयाचें. पाँटिअॅकची जीटीओ ही त्यांतील गाजलेली गाडी. क्रायस्लर कंपनीची डॉज चार्जर दोन वर्षांनीं आली. आणि योगायोग असा कीं, कुर्ल्याच्या कारखान्याचा अगदीं पहिला करार याच क्रायस्लर कंपनीशीं होता. तिकडे या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात. आम्ही त्यांस मल्लमोटारी म्हणतों. धुराविषयींचे कायदे, वाढते विम्याचे दर आणि १९७३ ची तेलटंचाई यांनीं या मल्लांना चीत केलें. आतां तिकडील हौशी लोक त्या गंजलेल्या गाड्या हुडकून आणतात आणि स्वतःच्या घरीं त्यांचा पत्रा कापून, ठोकून, रंगवून त्यांना पुन्हां आखाड्यांत उतरवितात. आमच्या गाडीचें इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें, शक्ति सुमारें ४० घोड्यांची. ती मल्ल नव्हे, वक्तशीर कारकून म्हणावी अशी. परंतु गंजाला मल्ल आणि कारकून सारखेच.

माजघरांत बैठक बसली. पुण्याचे बंधु व्यवहारी. भंगारवाल्यानें वजनावर सांगितलेला भाव ते खिशांत घेऊनच आले होते. त्यांचें म्हणणें चुकीचें होतें असें नाहीं : जागा अडते, उंदीर होतात, आणि जें चालत नाहीं त्यावर माया करणें हा खर्चाचा मार्ग आहे. वहिनी इतका वेळ गप्प होत्या. आमचे थोरले बंधु, म्हणजे त्यांचे यजमान, वारले तेव्हांपासून त्या गाडीला कोणी किल्ली लावलेली नव्हती. त्या आमच्याकडे पाहून एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, ती चाललीच पाहिजे असं माझं म्हणणं नाहीं. पण माझ्या डोळ्यांदेखत तिला कापून नेऊं नका." त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. पाडव्यापर्यंतची मुदत ठरली. इंजिन मिस्त्रींकडे द्यावयाचें आणि अंगाचें काम घरीं करावयाचें. खर्च व तास रोजच्या रोज वहींत मांडावयाचे. आणि ती वही अर्थातच आमच्याकडे.

वही हातीं आली तेव्हां तिच्यावर काय नांव घालावें हा प्रश्न पडला. पुतण्या म्हणाला, 'रिस्टोरेशन'. आम्हीं 'जीर्णोद्धार' असें लिहिलें. 'हृ' या धातूला 'उद्' हा उपसर्ग लागून उद्धार शब्द होतो. त्याचा अर्थ वर काढणें. आपल्या जिल्ह्यास आतां ज्यांचें नांव मिळालें आहे, त्या अहिल्याबाई होळकर याच जिल्ह्यांतील चौंडीच्या. काशीविश्वेश्वरापासून किती देवालयें त्यांनीं वर काढलीं तें सर्वांस ठाऊक आहे. जें खचलें असेल तें उचलावयाचें, जें नाहींसें झालें असेल तें तसेंच पुन्हां घडवावयाचें, आणि जें धड आहे त्याला हात लावावयाचा नाहीं. पुढें पत्रा कापतांना आम्हांस याच नियमाचा उपयोग झाला. शिवाय 'धातु' या शब्दाचे दोन अर्थ आम्हीं तीस वर्षें वर्गांत सांगितले. दुसऱ्या अर्थाचा प्रत्यक्ष परिचय निवृत्तीनंतर व्हावयाचा होता.

पहिला आठवडा केवळ पाहण्यांत गेला. मोटार धुतली, बैठकी काढल्या, तळावरचे रबरी गालिचे उचलले आणि पाहतों तों डाव्या बाजूच्या तळाला इतकीं भोकें कीं खालची माती दिसावी. २०१९ च्या ऑगस्टांत गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हां आमच्या परसांत गुडघाभर पाणी होतें. पाणी दोन दिवसांत ओसरलें. पण गालिच्याखालचा नदीचा गाळ तसाच ओला राहिला, आणि नुकसान त्यानें केलें. गंज कोठें धरतो याचें शास्त्र यावरून ध्यानांत येतें. उघड्या, वाऱ्यावर वाळणाऱ्या पत्र्याला तो सहसा खात नाहीं. जेथें पाणी शिरतें पण निघत नाहीं, तेथें त्याचें घर : दारांच्या खालच्या कडा, उंबरठ्याचा पोकळ पत्रा, चाकांवरील मडगार्डाची आंतली दुमड, समोरच्या कांचेच्या रबराखालची खांच, डिकीचा तळ. दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळावें म्हणून कारखान्यानेंच बारीक छिद्रें ठेवलेलीं असतात. धुळीनें तीं बुजतात आणि दार आंतून सडतें. ज्यांच्या घरीं जुनी गाडी आहे त्यांनीं दर पावसाळ्यापूर्वीं तारेनें हीं छिद्रें मोकळीं करावीं. फुकटचा उपाय आहे.

लोखंड गंजण्यास पाणी आणि हवा दोन्ही लागतात. त्यांच्या संयोगानें जो तांबूस भुगा होतो, तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. म्हणून तो वरच्या रंगाला फोडासारखा उचलतो, फोड फुटला कीं आणखी पाणी आंत जातें. तांब्याचा कळक जसा तांब्यालाच झांकून ठेवतो, तसें गंजाचें नाहीं. तो सच्छिद्र असल्यानें खालच्या लोखंडाला वाट करून देतो. याला एक विख्यात अपवाद आहे. दिल्लीस मेहरौली येथील लोहस्तंभ सोळाशें वर्षें उघड्यावर उभा आहे. कानपूरच्या आय.आय.टी.मधील प्राध्यापक बालसुब्रमण्यम यांनीं त्याचा अभ्यास करून दाखविलें कीं, त्या लोखंडांत फॉस्फरसचें प्रमाण अधिक असल्यामुळें पृष्ठावर एक घट्ट, पातळ थर तयार झाला आणि त्यानेंच आंतला धातु राखला. हल्लीं दुकानांत गंजावर लावण्याचें जें फॉस्फोरिक आम्ल मिळतें, त्याच्या मुळाशीं याच जातीचें तत्त्व आहे. आमच्या वैद्यांनीं तर जुन्या लोहमलालाहि 'मंडूर' म्हणून पांडुरोगावर कामाला लावलें. मोटारीचा मंडूर मात्र कोणी घेऊं नये.

आतां ज्या प्रकरणीं आम्ही आरोपी आहों तें. पत्रा कोठें खरा आणि कोठें भरीव, हें ओळखण्याची युक्ति सोपी आहे. लोहचुंबक मऊ फडक्यांत गुंडाळून गाडीच्या अंगावरून फिरवावा. खऱ्या पत्र्यावर तो चिकटतो. जेथें पत्र्यावर लांबीचा जाड थर असेल तेथें सुटतो. लांबी म्हणजे सुतार कांचा बसवितांना लावतो तीच नव्हे; मोटारीच्या कामांत दोन घटक मिसळून दगडासारखा घट्ट होणारा लेप वापरतात, त्यालाहि आपले कारागीर लांबीच म्हणतात. पुतण्या चुंबक फिरवीत होता, आम्ही वहींत टिपण करीत होतों. उजवी बाजू झाली. डाव्या बाजूला मागच्या चाकावर चुंबक टपकन खालीं पडला. त्यानें पुन्हां लावला, पुन्हां पडला. "काका, इथं कुणीतरी मोठी लबाडी केलेली आहे," तो म्हणाला. छिन्नी लावतांच बोटभर जाडीची खपली निघाली. तिच्या खालीं पत्रा आंत दबलेला होता तसाच होता. त्याला ठोकून वर काढण्याचा कोणी प्रयत्नहि केलेला नव्हता. लेपानें शोषलेल्या पाण्यानें तो चाळणीसारखा झाला होता. आमच्या हातांतील लेखणी थांबली. ती लबाडी कोणाची हें जगांत एकाच माणसाला ठाऊक आहे, अशी आमची त्रेचाळीस वर्षें समजूत होती.

१९८१ च्या नोव्हेंबरांत, दिवाळीच्या सुट्टींत, नाना एका खटल्यासाठीं रेल्वेनें नगरास गेले होते. आम्हांस शाळेंत नोकरी लागून वर्षहि झालें नव्हतें. गाडी चालविण्याचा परवाना मात्र खिशांत होता. न विचारतां किल्ली घेतली आणि दोन मित्रांना घेऊन पुणतांब्याच्या रस्त्याला लागलों. परततांना उसाच्या बैलगाडीला वाट देण्यासाठीं मागें घेतली, ती कडेच्या दगडावर. त्याच रात्रीं दुसऱ्या एका गांवीं नेऊन, पहिला पगार ओतून, दीड दिवसांत तो खळगा बुजवून घेतला. "ठोकायला वेळ लागेल, भरून देतों," असें कारागीर म्हणाला आणि आम्हीं मान हलविली. नाना आले, गाडी जागेवर होती. कोणी विचारलें नाहीं, आम्हीं सांगितलें नाहीं. वर्गांत सत्यावर निबंध घालणाऱ्या मास्तरच्या अंगावर तें ओझें किती दिवस राहिलें म्हणाल, तर फार दिवस नाहीं. माणसाचें मनहि लांबी छान भरतें.

पुतण्याला आम्हीं सर्व सांगितलें. तो हंसला नाहीं. थोड्या वेळानें त्यानें गाडींत जाऊन पुढच्या खणांतून एक जाड पुठ्ठ्याची वही आणली. ती नानांची. किती मैल झाले, कोठें पेट्रोल घेतलें, कधीं तेल बदललें, याची नोंद ते वकिली काटेकोरपणानें ठेवीत. ती वही गाडींत आहे हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. उघडण्याचें कारण कोणास पडलें नव्हतें. ८ नोव्हेंबर १९८१ च्या तारखेस नानांच्या वळणदार अक्षरांत लिहिलेलें होतें : "डावी बाजू, मागें. रंग नवा, पत्रा आंत. मुलगा सांगेल तेव्हां नीट करून घ्यावयाचा."

नाना त्यानंतर पंधरा वर्षें होते. त्या पंधरा वर्षांत त्यांनीं त्या गोष्टीचा एका शब्दानें उल्लेख केला नाहीं. उलट त्याच दिवाळीनंतर गाडीची किल्ली ते आम्हांस आपण होऊन देऊं लागले. आम्ही तो विश्वास समजत होतों, आणि तो विश्वासच होता. फक्त त्याचा अर्थ आम्हीं लावला त्याहून निराळा होता. ते वाट पाहत होते. वहिनींना वही दाखविली तेव्हां त्यांनीं ती दोनदां वाचली आणि म्हणाल्या, "मामंजींचा स्वभावच तो. आरोपीनं स्वतः कबूल केल्यावांचून त्यांना खटला आवडत नसे." पुतण्यानें मात्र शिक्षा सुनावली. खरखरीत पॉलिशपेपरचा एक ताव आमच्या हातीं देऊन तो म्हणाला, "काका, ही बाजू तुम्हींच घांसायची." आम्हीं ती घांसली. पासष्टीच्या खांद्यांना तें काम सोपें नव्हे, पण त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार आम्हांस उरला नव्हता.

पत्र्याच्या कामाला गुरु मिळाले ते एक वृद्ध मिस्त्री. गोदावरीच्या कालव्यांनीं या तालुक्यांत ऊंस आणला, उसानें साखर कारखाने आणले, आणि कारखान्यांच्या वर्कशॉपांनीं असे किती तरी कसबी हात घडविले. गळीत हंगाम संपला कीं उन्हाळ्यांत सारी यंत्रें उकलावयाचीं आणि पुन्हां जोडावयाचीं, अशा शाळेंत या मिस्त्रींचीं चाळीस वर्षें गेलेलीं. ते स्टुलावर बसत, चहा घेत, आणि पुतण्याच्या हातोडीकडे पाहून डोळे मिटीत. "मास्तर," ते आम्हांस म्हणाले, "पत्र्याला मारायचं नसतं, समजवायचं असतं." दबलेला पत्रा जसा दबला त्याच्या उलट क्रमानें उठवावा लागतो. प्रथम कडेच्या घड्या, आणि सर्वांत खोल जागा सर्वांत शेवटीं. पाठीमागें लोखंडाचा गुळगुळीत ठोकळा धरावयाचा आणि पुढून हलक्या हातानें, पुष्कळ वेळां. नवशिका माणूस पहिला घाव खोलांत खोल जागीं घालतो. मग पत्रा ताणतो, आणि तेलाच्या डब्याच्या बुडासारखा आंतबाहेर टक्टक् करूं लागतो. तो पुन्हां आकसावयाचा म्हणजे उष्णता द्यावी लागते, आणि तें काम अधिक कठीण. दोन दिवस जुन्या डब्यांवर हात बसविल्यावरच मिस्त्रींनीं पुतण्याला गाडीला हात लावूं दिला.

जें सडलें होतें तें कापणें भाग होतें. या गाडीला ट्रकासारखा निराळा सांगाडा नाहीं. अंग हाच सांगाडा. उंबरठा आणि तळ कापला कीं सगळी गाडी थोडी वांकते आणि दारें लागेनाशीं होतात. म्हणून आधीं खालून चार ठिकाणीं टेकू, दारें बंद, फटींचीं मापें वहींत, आणि मगच कापणी; तीहि एका वेळीं एकाच तुकड्याची. पुठ्ठ्याचा नमुना बेतून त्यावरून नवा पत्रा कापला, तो मूळच्याच जाडीचा. वेल्डिंग करतांना सलग शिवण घातली तर पातळ पत्रा पापडासारखा वळतो. म्हणून एक टांका येथें, दुसरा वीतभर दूर, मध्यें हात लावण्याजोगें निवूं द्यावयाचें, असें करीत टांके जुळवीत जावें लागतें. त्यापूर्वीं बॅटरी सोडली आणि पेट्रोलची टांकी काढून घराबाहेर ठेवली. टांकी रिकामी आहे म्हणून कोणी निर्धास्त राहूं नये. भरलेल्या टांकीपेक्षां रिकाम्या टांकींतील वाफ अधिक घातकी असते. वाळूच्या दोन बादल्या जवळ होत्या. त्या वापराव्या लागल्या नाहींत.

आम्हीं एकदां मिस्त्रींना विचारलें, मग लांबी मुळींच वाईट काय? ते म्हणाले, "तसं नाहीं मास्तर. लांबी मीठ आहे, भाकर नव्हे." आधीं पत्रा धातूनेंच सपाट करावयाचा, हाताला लागेल पण डोळ्यांना दिसणार नाहीं एवढाच उंचसखलपणा राहिला, तर त्यावर कागदासारखा पातळ हात. खालीं गंज नको, ओल नको. लेपावर काळ्या रंगाचा एक विरळ फवारा मारून तो घांसला, म्हणजे जेथें काळें राहील तेथें खळगा, जेथें चटकन निघेल तेथें उंचवटा, हें कळतें. डोळ्यांपेक्षां तळहात अधिक खरा. मिस्त्री तर डोळे मिटून, फडकें मध्यें ठेवून हात फिरवीत आणि नेमकें बोट ठेवीत.

घरांत लहान मुलें आहेत त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें. तो कोरडा घांसल्यास त्याची धूळ स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि मुलांच्या बुद्धीला अपाय करते. आम्हीं सर्व घांसकाम पाण्यानें केलें, ओघळ फडक्यांत टिपून घेतला, आणि मुलांना परसांत बंदी केली. रंगाविषयीं घरांत वाद झाला. मोटारीच्या रंगाला आपल्याकडे जुनीं माणसें अजून 'ड्युको' म्हणतात. हें नांव १९२३ मध्यें अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनीनें काढलेल्या रंगाचें. त्यापूर्वीं मोटारीचा रंग वाळण्यास आठवडे लागत. हा तासांत वाळूं लागला. हल्लींचा दोन घटकांचा रंग अधिक चकचकीत व टिकाऊ असतो, परंतु त्याच्या फवाऱ्यांतील आयसोसायनेट श्वासांत गेल्यास जन्माचा दमा जडूं शकतो, आणि साध्या तोंडपट्टीनें तो अडत नाहीं. तो माणसांच्या घरांत मारावयाचा नव्हे. पुतण्याची इच्छा चकचकीताची होती. वहिनींनीं एका शब्दांत ती मोडली. जुन्याच पद्धतीचा रंग, तोहि योग्य मुखवटा लावून, पौषांतील कोरड्या दुपारीं दिला. दमट हवेंत हा रंग पांढुरका पडतो, म्हणून पावसाळा टाळावा. रंग मूळचाच, सायीचा. शेवटीं पोकळ उंबरठ्यांत आणि दारांच्या आंत मेणाचा फवारा मारला. न दिसणारी बाजू राखली तरच दिसणारी टिकते.

कायद्याचीहि एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील खासगी मोटारी व दुचाक्यांसाठीं स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. अशा गाडीच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात, नोंदणी दहा वर्षें चालते; परंतु ती गाडी प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती अशा कामांसाठींच रस्त्यावर आणावयाची असते, रोजच्या वापरासाठीं नव्हे. अट अशी कीं, सांगाडा, अंग आणि इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा. म्हणजे 'जें धड आहे त्याला हात लावूं नये' हा जीर्णोद्धाराचा नियम आतां सरकारी राजपत्रांतहि आला. या नोंदणीकडे जावयाचें कीं नेहमींचीच नूतन करावयाची, हें पुण्याचे बंधु ठरवीत आहेत. कागद हल्लीं त्यांच्याच पिशवींत असतात. भंगाराच्या भावाचा उल्लेख त्यांनीं पुन्हां केलेला नाहीं.

आमच्या वहीप्रमाणें एकंदर तीनशें बारा तास लागले. खर्च, त्याच पैशांत एखादी बरी जुनी गाडी मिळाली असती, इतका. तेव्हां लाभहानीच्या दृष्टीनें हा उद्योग कोणी करूं नये. ज्यांना हात चालविण्याचा कंटाळा आहे, किंवा वाट पाहण्याचा, त्यांनींहि करूं नये. परंतु घरांतील एखादा तरुण अशा गोष्टीसाठीं परस मागत असेल, तर वडील माणसांनीं तो द्यावा. आमच्या घरांत पांच महिन्यांत मुलगा आपल्या बापाविषयीं आईशीं जितकें बोलला, तितकें मागील अकरा वर्षांत बोलला नव्हता. वहिनी संध्याकाळीं छपराखालीं पाट टाकून भाजी निवडीत बसत, आणि हातांतला पान्हा न सोडतां तो विचारी, "आई, बाबा ही गाडी कशी चालवत ग?" त्या सांगत. आम्ही ऐकत असूं.

पाडव्याच्या दिवशीं सकाळीं गुढी उभारल्यावर गाडी बाहेर निघाली. वहिनी पुढें बसल्या, आम्ही मागें. पुतण्यानें विचारलें, "कुठं न्यायची?" आम्हीं सांगितलें, "पुणतांब्याला." चांगदेवाच्या समाधीचें दर्शन घेतलें, गोदावरीवर हातपाय धुतले, आणि परततांना तो दगड कोठें असावा हें पाहिलें, रस्ता रुंद झाला आहे, दगड नाहीं. घरीं आल्यावर आम्हीं पुढच्या खणांतून नानांची वही काढली. ८ नोव्हेंबरच्या नोंदीखालीं अर्धी ओळ मोकळी होती. तेथें तारीख घालून लिहिलें : "सांगितलें. पत्रा नीट केला." आणि सही केली. अक्षर नानांच्या अक्षराइतकें वळणदार आलें नाहीं. वही परत खणांत ठेवली आहे.